पापुद्र्याखाली

१

बाईंच्या घरात एक जुना विनोद होता, की बाई पाणीसुद्धा धुऊन पितात. विनोद नवऱ्याचा. तो स्वतः दातांचा डॉक्टर, म्हणजे दर पेशंटमागे कोपरापर्यंत हात धुणारा. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही नवरेमंडळींची जुनीच खोड. बाई हसून सोडून द्यायच्या, कारण आरोप खरा होता.

त्यांचं कामच तसलं. काचेच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोबाल्ट आणि लोखंडाचा थर चढवायचा, तोही इतका पातळ की त्याच्यापुढे कांद्याची साल म्हणजे रजई वाटावी. प्रयोगशाळेत त्याला फिल्म म्हणत. एवढ्या पातळ पापुद्र्यात धातूचं चुंबकपण वेगळंच वागतं, आणि ते कसं वागतं हे बघण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. त्या पापुद्र्याखाली बोटाचा ठसा जरी राहिला, तरी फिल्म जुन्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून निघते. म्हणून आधी काच धुवायची. साबणाने, मग अॅसिटोनने, मग स्पिरिटने, मग शुद्ध पाण्याने. आणि एवढी यंत्रं दिमतीला असूनही शेवटची परीक्षा घ्यायची ती तोंडाने. धुतलेल्या काचांमधली एक चिमट्यात धरायची आणि तिच्यावर ‘हाऽऽ’ करायचं. काच मळकी असेल तर वाफ ठिपक्याठिपक्यांनी बसते. स्वच्छ असेल तर सगळीकडे सारखा राखाडी पडदा येतो आणि सारखाच विरून जातो. मग ती काच फेकून द्यायची, कारण तिला माणसाचा श्वास लागला. हा नियम बाईंनीच घालून दिला होता आणि मोडणाऱ्याची त्या चांगली हजेरी घेत.

त्या दिवशी शाळेतली पाण्याची टाकी फुटली, शाळा लवकर सुटली आणि बाईंची मुलगी दप्तरासकट प्रयोगशाळेत आली. घरात तिला चिमणी म्हणत. दुसरीतली, पुढचा एक दात हलणारा, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. ‘कशालाही हात लावायचा नाही’ हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की दारातून शिरतानाच ती दोन्ही हात खिशात घालायची.

“मग मी करू तरी काय?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

बाईंना दया आली. “ये इकडे. एक काम आहे, त्याला हात लागतच नाहीत.”

त्यांनी तिच्या डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला आणि चिमट्यातली काच तिच्या तोंडासमोर धरली. चिमणीने गाल फुगवले.

“फुंकायचं नाही गं. हा करायचं. आरशावर करतेस तसं.”

चिमणीने ‘हाऽऽ’ केलं. काचेवर असा पडदा आला की बाई बघतच राहिल्या. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. आणि तो विरता विरेना.

तेवढ्यात मागे खळ्ळकन आवाज झाला. बाईंची विद्यार्थिनी, जिला सगळा विभाग ‘घाई’ म्हणत असे, ती धुतलेल्या काचांचा ट्रे घेऊन वळली आणि ट्रे सरळ बेसिनमध्ये गेला. घाई चांगली मोठी, डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला आलेली मुलगी होती, पण तिला चालता येत नसे, फक्त पळता येई.

“सॉरी बाई! आता काय? चेंबर तर तापवून तयार आहे.”

पुन्हा काचा धुवायच्या म्हणजे दिवस वाया, आणि यंत्राची पाळी उद्या दुसऱ्यांची. बाईंनी चिमट्यातल्या काचेकडे पाहिलं. इतकी स्वच्छ काच त्यांना वर्षानुवर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी मनाशी म्हटलं, एक दिवस नियम बाजूला ठेवला तर काय आभाळ कोसळतंय? आणि ती काच चेंबरमध्ये ठेवून त्यांनी दार आवळलं. चेंबर म्हणजे पोटाला जाड काचेची गोल खिडकी असलेलं पोलादी पिंप. पंप सुरू झाला.

“आई, माझी हवा कुठे गेली?” चिमणीने विचारलं.

“पंप काढून घेतोय बाहेर.”

“सगळी?”

“सगळी कधीच निघत नाही,” बाई म्हणाल्या. “कितीही ओढा, थोडी राहतेच.”

खिडकीआड जांभळा उजेड पेटला आणि काचेवर धातू चढायला लागला. चिमणी जांभई देत उभी होती.

२

दुसऱ्या दिवशी फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली गेली. हा सूक्ष्मदर्शक खास चुंबकी फिल्म बघायचा. त्यात फिल्मवर काळेपांढरे वेडेवाकडे पट्टे दिसतात. जवळ दुसरं चुंबक आणलं किंवा शेजारची तारेची कॉइल चालू केली की पट्टे सरकतात, नाही आणलं तर थिजून जागच्या जागी राहतात. त्यांनी आपणहून हलायचं नसतं.

“बाई, कॉइल बंद करा ना,” घाई म्हणाली. “मला फोकस करू दे.”

“बंदच आहे.”

“मग हे काय?”

संगणकाच्या पडद्यावर पांढरे पट्टे फुगत होते. काळे आक्रसून बारीक होत, क्षणभर तसेच राहत, आणि मग हळूहळू पुन्हा पसरत. बाईंनी कॉइलचा प्लगच उपटून हातात घेतला. पट्टे फुगले, आक्रसले.

आता विज्ञानाचा माणूस लगेच घाबरत नाही, आधी लिफ्टवर संशय घेतो. लिफ्टची मोटर म्हणजे मोठं चुंबकच. घाई धावत गेली आणि लिफ्ट बंद करवून आली. फरक नाही. मग बाईंनी एसी बंद केला, दिवे घालवले, दोघींनी आपापले फोन बाहेर ठेवले. शेवटी फिल्मभोवती खास मिश्रधातूचा डबा बसवला, ज्यात बाहेरचं कुठलंच चुंबकपण शिरत नाही. पट्टे आपले चाललेच होते.

घाई आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. “बाई, बाहेरून काहीही न देता हलणारी फिल्म! कोणी ऐकलंय तरी का असलं? आपलं भाग्य उजळलं!”

बाईंनाही आनंद व्हायला हवा होता. पण तो होत नव्हता, आणि का ते त्यांना घाईकडे पाहिल्यावर कळलं. पडद्याकडे बघताबघता घाईचे खांदे वरखाली होत होते. पट्टे पसरले की श्वास आत, आक्रसले की बाहेर. मग तीच थांबली आणि हसली.

“दम लागला बाई. याची चाल जरा जलदच आहे नाही?”

मोठ्या माणसासाठी जलद. बाईंनी चिमणी तान्ही असताना पाळण्याशी बसून तिची छाती खालीवर होताना तासन्‌तास पाहिली होती. पहिलटकरणीला झोप येत नाही, बाळाचा श्वास चालू आहे ना एवढंच ती बघत बसते. ती चाल बाईंच्या अंगात मुरलेली होती. त्यांनी स्वतःला दटावलं. आईपण आणि प्रयोग यांची खिचडी करायची नाही.

दुपारी पट्टे एकाएकी थांबले. बराच वेळ पडदा निश्चल राहिला. घाईचा चेहरा पडला. मग एक झटका बसला आणि पट्टे पुन्हा सुरू झाले.

संध्याकाळी घरी पाऊल टाकताच चिमणी समोर आली. “आई, आज आमची पैज लागली होती, श्वास कोण जास्त वेळ धरतं. मी पहिली आले!”

“कधी?”

“दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. सगळे म्हणतात मी फसवलं. पण मी खरंच धरला होता. अजून धरला असता, पण मला कंटाळा आला.”

बाईंनी तिला शाबासकी दिली.

३

डॉक्टरांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी चिमणीला खुर्चीत बसवलं. हलणारा दात आज काढायचाच, असा निश्चय होता. बाप लेकीला हसवत होता, ती पाय झाडत होती, आणि बाई दाराला टेकून बघत होत्या.

डॉक्टरांनी छोटा आरसा तिच्या तोंडात घातला. “आ कर. वा! आजचा आरसा गुणी निघाला. एरवी तोंडात गेला रे गेला की धुरकटतो, कोमट पाण्यात बुडवून बुडवून माझा जीव जातो. आज बघ कसा लख्ख.”

बाई पुढे आल्या. आरसा खरोखर लख्ख होता. चिमणीच्या जिभेवर, ओठांच्या आत, श्वासाच्या तोंडाशी धरलेला, आणि लख्ख.

“दुसरा घेऊन बघ,” त्या म्हणाल्या.

“अगं, चांगलं झालं तरी तुझी तक्रारच.”

“बघ ना.”

दुसरा आरसाही तसाच राहिला. डॉक्टरांनी तो स्वतःच्या तोंडाशी नेला, तो तत्काळ आंधळा झाला. पुसून पुन्हा मुलीच्या तोंडात घातला. लख्ख. त्यांनी आरसा ठेवून दिला आणि दाताला हात न लावताच तिला खाली उतरवलं.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून लेकीपुढे धरला. “चिमणे, हा कर.”

तिने केलं. पुन्हा केलं. जोर लावून लावून तिचे गाल लाल झाले. काच जशीच्या तशी. बाईंनी तिच्या तोंडासमोर तळहात धरला. छाती आत जाताना दिसत होती, ‘हाऽऽ’ असा आवाज येत होता, आणि तळहाताला काहीच लागत नव्हतं. बंद दारासमोर हात धरावा तसं.

“आई, माझी हा येत नाहीये,” चिमणी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

“येईल गं,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “थंडीत असं होतं कधीकधी.”

थंडीत उलट होतं, हे त्या खोलीतल्या दोन्ही शिकल्यासवरल्या माणसांना ठाऊक होतं. चिमणी दूध पिऊन खेळायला पळाली. तिचं अंग कोमट होतं, नाडी नीट होती, आणि दंगा नेहमीइतकाच होता.

“सर्दी झाली म्हणून उद्या शाळेत नको पाठवूस,” बाई म्हणाल्या. “तू पण घरीच थांब.”

“आणि तू?”

“मला एक फिल्म नाहीशी करायची आहे.”

४

चुंबक एका ठरावीक तापमानापलीकडे तापवलं की त्याचं चुंबकपण मरतं. शाळेतल्या पुस्तकात असतं हे. बाईंनी ठरवलं होतं की फिल्म चेंबरमध्ये ठेवायची, हवा काढायची, आणि पट्टे कायमचे मिटेपर्यंत तापवायची. यामागे भीती आहे हे त्या स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हत्या. घाईला त्यांनी सांगितलं, तापमानाचा परिणाम बघायचाय.

“पण बाई, एकच तर आहे! जळली बिळली तर?”

“जळू दे.”

घाईने त्यांच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, पण हीटरचं बटण दाबलं.

तापमान चढायला लागलं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटाही चढला. त्यात नवल नव्हतं. तापलं की पापुद्र्याखाली अडकलेला वायू सुटतो, हे रोजचंच. पण मग काटा उतरला. पुन्हा चढला. पुन्हा उतरला.

“गळती आहे,” घाई म्हणाली आणि स्पिरिटची बाटली घेऊन ती प्रत्येक सांध्यावर थेंब सोडत फिरली. जिथे गळती असेल तिथे थेंब पडताच काटा उडी मारतो. काटा कुठेच उडाला नाही. तो आपल्या चालीने खालीवर होत राहिला, आणि हळूहळू ती चाल वाढली.

फोन वाजला. डॉक्टरांचा आवाज ओळखू येत नव्हता. “हिला धाप लागलीय. आत्ता, बसल्या बसल्या. चित्र काढत होती. मी हॉस्पिटलला निघतोय.”

मागून चिमणीचा आवाज येत होता. बुडणाऱ्या माणसासारखी ती हवा ओढत होती. बाई फोन कानाला लावून गेजकडे बघत होत्या. प्रत्येक ओढीबरोबर काटा खाली जात होता.

“बंद कर!” त्या ओरडल्या.

घाईने हीटर बंद केला. काटा मात्र उतरतच गेला, आणि फोनमधली ओढ बारीक बारीक होत चालली. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंप! पापुद्र्याखालून जे सुटलं होतं ते पंप बाहेर ओढून नेत होता. त्यांनी धावत जाऊन पंपाचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवून आवळला. हात सोलले, ते त्यांना नंतर कळलं.

काटा थांबला. मग सावकाश चढला, आणि उतरला.

मग फोनवर डॉक्टर म्हणाले, “थांबली. बरी आहे. पाणी मागतेय. अगं, आहेस ना तू?”

बाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना रडू फुटलं होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं होतं, आणि ते कुठल्याही शास्त्रात बसत नव्हतं. लेकीचा श्वास त्यांनी पापुद्र्याखाली चिणला होता. आता तो पिंपात मोकळा होता, आणि त्याच्या आणि पंपाच्या मध्ये व्हॉल्व्हची एक रबरी चकती तेवढी होती.

“तिला घेऊन इथे ये,” त्या म्हणाल्या.

“इथे? डॉक्टरला दाखवायचं सोडून?”

“दाखव आणि मग ये. तुझ्या पाया पडते.”

५

हॉस्पिटलमध्ये छाती तपासली, फोटो काढला, बोटाला चिमटा लावला. मुलगी ठणठणीत आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलं. बापलेक प्रयोगशाळेत पोहोचले तेव्हा खिडक्यांत दुपारचं ऊन होतं. बाई चेंबरपासून हलल्या नव्हत्या.

त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचं बोलणं त्यांनाच वेडेपणाचं वाटत होतं. घाई बाजूला उभी राहून ऐकत होती. आज पहिल्यांदाच तिला कसली गडबड नव्हती.

“तुला कळतंय का, तू काय बोलतेयस?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही कळत. पण आरसा तू पाहिलास ना?”

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काल ती झोपल्यावर दवाखान्यातले सगळे आरसे लावून पाहिले मी.”

पुढे विचारायची गरज राहिली नाही. बाईंनी समजावलं, की चेंबरच्या बाजूला हवा आत सोडायची बारीक तोटी आहे. तिच्यासमोर चिमणीला उभं करायचं आणि तोटी उघडायची.

“बाई,” घाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “तोटी उघडली की हवा आत जाते. बाहेर येत नाही कधी.”

“माहितेय मला.”

“मग?”

“तुझ्याकडे दुसरं काही आहे का?”

घाई गेजपाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी गुडघे टेकून लेकीला खांद्यांना धरलं आणि तोटीसमोर उभं केलं. चिमणीचे दोन्ही हात खिशात होते. बाई तोटीकडे हात नेत असताना त्यांची नजर गोल खिडकीवर गेली.

खिडकी धुरकटली होती.

त्यांनी बाहीने पुसली. धुरकटपणा बाहेरून नव्हता. तो आतल्या बाजूला होता, जिथे पाण्याचा थेंब टिकू शकत नाही, जिथे वाफ बसायच्या आधी उडून जायला हवी. सारखा, राखाडी, एक ठिपका नसलेला पडदा. तो दाट होत होता, विरळ होत होता, आणि पुन्हा दाट होत होता.

मग त्या पडद्यावर एक रेघ उमटली. कोणीतरी आतून बोट ओढावं तशी. रेघ वळली, गोल फिरली, आणि पुसत पुसत तिने एक स्वच्छ जागा केली. बाहेरचं बघण्यासाठी थंडीत मुलं करतात तेवढीच, डोळ्याएवढी.

त्या जागेत काळोख होता. काळोख क्षणभर तिथेच राहिला, आणि मग किंचित सरकला, चिमणीच्या दिशेने. लगेच काच पुन्हा धुरकटली.

डॉक्टर लेकीकडे बघत होते, घाई गेजकडे. जे पाहिलं ते एकट्या बाईंनी पाहिलं. आणि आईचं मन किती वेडं असतं पाहा, एवढं बघूनही त्यांना वाटलं ते एवढंच, की लेकरू आत अडकलंय आणि बाहेर बघतंय. त्यांनी तोटी उघडली.

हवा शीळ घालत आत गेली. जायलाच हवी होती. चिमणीचे केस तोटीकडे ओढले गेले, तिचं तोंड उघडलं, आणि तिने एक लांब श्वास घेतला, असा की तो संपेचना. डॉक्टर तिला मागे खेचणार, तोच शीळ थांबली.

मग तोटीतून हवा बाहेर आली.

घाईने गेजपासून हात काढून तोंडावर ठेवला. ती हवा कोमट होती, किंचित दमट होती, आणि तिला दुधाचा वास होता. ती चिमणीच्या चेहऱ्यावर आली आणि तिने डोळे मिटले.

“चिमणे?” बाईंनी आपला चष्मा काढून तिच्यापुढे धरला. “हा कर, बाळा.”

चिमणीने ‘हाऽऽ’ केलं. दोन्ही काचा आंधळ्या झाल्या.

६

गाडीत बसल्यावर डॉक्टर हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. घाईने चेंबर उघडून बघितलं होतं. काच कोरी होती, फिल्मचा मागमूस नव्हता. “जाऊ दे बाई, गेली तर गेली,” ती म्हणाली होती, आणि भाग्य उजळायची गोष्ट पुन्हा काढली नव्हती.

बाहेर ऊन उतरलं होतं आणि गारठा पडायला लागला होता. चिमणी मागच्या सीटवर एकटी बसली होती. ती खिडकीच्या काचेवर वाफ सोडत होती, आणि बाई मान वळवून बघत होत्या. त्यांना ते बघून बघून समाधान होत नव्हतं. देवाघरून परत आल्यासारखं लेकरू मागे बसलं होतं. आता नियम नाही, यंत्र नाही, फिल्म नाही. घरी जायचं आणि तिला कुशीत घेऊन झोपायचं.

“काय बाईसाहेब, काच पास की नापास?” डॉक्टरांनी विचारलं.

“अव्वल नंबर,” बाई म्हणाल्या.

चिमणी दुसऱ्या खिडकीकडे सरकली. तीही भरली. मागची काच भरली. डॉक्टरांनी समोरची काच पुसली आणि पंखा लावला. थोड्या वेळाने पुन्हा पुसली.

“अगं, पुरे की आता,” ते हसत म्हणाले. “रस्ता दिसू दे बापाला.”

‘हाऽऽ’ चालूच होतं. मंद, एकसारखं. बाईंना एकाएकी जाणवलं की बराच वेळ झाला, हा आवाज मध्ये कुठे तुटलेलाच नाही. गाडी चौकात थांबली होती, सिग्नल सुटला होता, डॉक्टर बोलले होते, आणि तो तसाच चालू होता. समोरची काच पुसल्या पुसल्या पांढरी होत होती. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. त्यांचं हसू मावळलं होतं.

बाईंनी दिवा लावला. चिमणीचं तोंड उघडं होतं. तिची छाती खाली गेली होती, आणि अजून खालीच जात होती.

“चिमणे, बस. बस झालं.” बाईंनी सीटवरून हात लांब करून तिचा गुडघा धरला. “आता श्वास आत घे. घे बाळा, आत घे.”

आवाज थांबला. गाडीच्या सगळ्या काचा पांढऱ्या होत्या आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, वर्गात पहिल्या दिवशी बसलेलं मूल बाईंकडे बघतं तसं, शहाण्यासारखं आणि लक्ष देऊन.

“आत कसा घेतात?” तिने विचारलं.